तंगूस की वेणीची दोरी

नांदेडला लेकीकडं गेलो की संध्याकाळी मी पाय मोकळे करायला बाहेर पडतो. यंदाच्या मार्चात असाच निघालो आणि एका दुकानासमोर थबकलो. पूर्वी तिथं सुतळी, दावी, कासरे असलं सगळं टांगलेलं असायचं. आता काचेच्या कपाटात मासे धरायच्या काठ्या उभ्या होत्या, रिळं होती, रंगीत प्लास्टिकचे मासे होते. मला त्यातलं काहीच नको होतं, तरी आत शिरलो. दुकानदारानं मोबाइलमधून मान वर न करता विचारलं, "काका, ब्रेडेड देऊ की मोनो?"

साधा प्रश्न. बिचारा दिवसातून वीस वेळा विचारत असेल. मोनो म्हणजे एकाच सलग धाग्याचा नायलॉन, आपल्याकडं बायका ज्यात मणी ओवतात तो तंगूस. ब्रेडेड म्हणजे चार किंवा आठ बारीक धाग्यांची घट्ट वेणी घालून केलेली दोरी. तिची जाडी तंगुसाच्या निम्म्यानं आणि ताकद दुप्पट. "बघून सांगतो," असं काहीतरी पुटपुटत मी बाहेर आलो. कोपऱ्यावरच्या रसवंतीच्या बाकड्यावर जाऊन बसलो आणि रस न मागवताच बराच वेळ बसून राहिलो.

दहा वर्षांपूर्वी हाच प्रश्न मला एकानं विचारला होता. तेव्हा मी उत्तर दिलं होतं. ते चुकीचं आहे हे देतानाच मला पक्कं ठाऊक होतं, आणि दिलं ते निव्वळ पोटात दुखत होतं म्हणून. माझ्या त्या एका उत्तरात एका म्हाताऱ्या माणसाचा उजवा हात गेला. दोष मात्र दुसऱ्याच कुणीतरी स्वतःच्या डोक्यावर घेतला, आणि मी घेऊ दिला.

आटत्या तळ्याला एक वास असतो. ज्यानं तो घेतलाय त्याला सांगावं लागत नाही. ओला चिखल, कुजलेलं शेवाळ, शिंपल्या, आणि वर तापलेल्या दगडाचा कोरडा वास. यंदा पाऊस दगा देऊन गेलाय, त्यामुळं शिमगा झाला न झाला तोच तो वास सुटलाय म्हणे. मला नांदेडात बसूनही तो आला. गोदावरी इथं हाकेवर आहे, पण माझ्या नाकात जळकोटचं तळंच भरलेलं होतं. मला तिथं जायलाच पाहिजे होतं, आणि दहा वर्षं मी, तळ्यावर जाऊनही, खरं सांगायला गेलो नव्हतो.

आधी माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. मी मूळचा उदगीरचा. आमचं लोखंडी सामानाचं दुकान, घराणं शिवभक्त, गळ्यात लिंग, घरात अंडंसुद्धा कधी आलेलं नाही. आणि मत्सर म्हणाल तर तो मला वडिलार्जित मिळालाय. लातूर जिल्हा झाला तेव्हा मी कॉलेजात होतो. सगळीकडं फटाके उडाले, आणि आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, दुकानाचं शटर निम्मं खाली ओढलं. "किल्ला आमच्याकडं, बाजार आमच्याकडं, अन् जिल्हा त्यांच्याकडं! वा रे वा!" पुढची दोन वर्षं दादांनी लातुरात पाय टाकला नाही. कोर्टाची तारीख पडली तरी वकिलालाच पाठवायचे. आई म्हणायची, "गावाचा राग गावाला, तुम्हाला कशाला ताप?" दादांना ताप होता हे खरं. तो ताप माझ्यातही उतरला असणार.

मी महसूल खात्यात लागलो आणि फिरत फिरत जळकोटच्या तहसिलीत अव्वल कारकून झालो. मी सांगतोय तो दुष्काळ सगळ्यांना आठवत असेल. लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं. टीव्हीवर त्या गाडीचं कोण कौतुक! आणि आमच्या कचेरीत बसून आम्ही लोक जळत होतो, "दुष्काळ काय एकट्या लातूरलाच पडलाय काय?" बघा आता. माणूस दुसऱ्याच्या तहानेवरसुद्धा जळू शकतो. त्याच वर्षी नव्या जिल्ह्याची हवा परत उठली होती. उदगीर जिल्हा होणार, जळकोट त्यात जाणार, आता झालंच समजा. कुणी मागितली नव्हती तरी मी हौसेनं नव्या जिल्ह्यातल्या गावांची यादी स्वच्छ अक्षरात लिहून ड्रॉवरमध्ये ठेवली होती. दादा असते तर ती फ्रेम करून लावली असती.

रविवारी मात्र मी तळ्यावर असायचो. सुरुवात झाली ती एका पंचनाम्यापासून. तळ्याकाठी कुणाची तरी म्हैस बुडाली होती, तिचा पंचनामा करायला गेलो, आणि काठावर हणमंतमामा दिसला. जातीचा भोई, साठी ओलांडलेला, अंगात बंडी, तोंडात विझलेली बिडी. त्याच्याकडं काठी नव्हती की रीळ नव्हतं. एका रिकाम्या डालड्याच्या डब्याला तंगूस गुंडाळलेला, टोकाला गळ आणि शिशाची गोळी. ती गोळी तो डोक्यावरून गरगर फिरवून सोडायचा आणि ती थेट तळ्याच्या पोटात जाऊन पडायची. मग तंगुसाचे दोन वेढे उजव्या पंजाला घेऊन उकिडवा बसायचा. दोन वेढे, ना कमी ना जास्त. "एका येढ्यानं निसटतं, तिनानं हात आंबतो," म्हणायचा. मासा लागला की तंगूस रबरासारखा ताणायचा, मामाचा पंजा त्याच्याबरोबर पुढं जायचा, मागं यायचा. जनावराला गोंजारून गोठ्यात आणावं तसा तो माशाला आणायचा. त्या हाताला मी पार भुललो.

"खात न्हाईत अन् धरता कामून?" मामानं पहिल्याच महिन्यात विचारलं.

"बरं वाटतं," मी म्हटलं.

"मंग धरा. पर सोडू नगा, आमाला द्या. आमाला बी बरं वाटतं."

आठ वर्षं हे चाललं. माझ्या गळाची गाठ मामाच मारायचा. तंगुसाची गाठ आवळण्याआधी ती ओली करावी लागते, नाही तर जळते. मामा ती तोंडात धरून ओली करायचा आणि दातानं उरलेलं टोक तोडायचा. भोयाच्या तोंडातली दोरी हातात घेऊन मी बसतो हे आईला कळलं असतं तर तिनं मला न्हाणीतनं बाहेरच येऊ दिलं नसतं. बायकोला, सुमनला, माहीत होतं. ती म्हणायची, "गळ्यात लिंग आणि हातात गळ, बघा बाई!" आणि डब्यात दोन दशम्या जास्तीच्या घालायची, मामासाठी.

आठ वर्षांत मामानं माझं कौतुक असं कधी केलं नाही. "जमतंय," इतकंच. मला ते पुरायचं. कारण तुलना करायला तिथं दुसरं कुणी नव्हतंच.

मग गिरीश आला. पाटबंधारे खात्याचा पोरसवदा इंजिनियर, नांदेडचा, विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकलेला. तळ्यात पिण्यापुरतं किती पाणी उरलंय हे मोजायला त्याला पाठवलेलं. रोज सकाळी पट्टीवरचा आकडा लिहायचा आणि तळ्यातनं भरणाऱ्या टँकरांची नोंद ठेवायचा. कॉलेजात असताना धरणावर बसून मासे धरायला शिकला होता. हाही खाणाऱ्यातला नव्हे. आई सोवळ्याची, तिला सांगितलंच नव्हतं. एका रविवारी आपली काळी चकचकीत काठी, छोटंसं रीळ आणि त्यावर पोपटी रंगाची ती वेणीची दोरी घेऊन आमच्या काठावर हजर झाला. मी सरकून जागा दिली. तेवढी चूक त्याची नव्हती.

त्यानं पहिली फेक केली आणि मामाच्या तोंडातनं बिडी पडली. "हात चांगला हाय बगा पोराचा," मामा म्हणाला. मला म्हणाला, माझ्याकडं बघून! आठ वर्षं मी त्या वाक्याची वाट बघत बसलो होतो आणि ते त्याला पहिल्या फेकीत मिळालं. मला असं वाटलं की उठावं आणि घरी जावं. पण मग हे दोघंच राहतील, म्हणून बसलो.

"साहेब म्हणू नका," म्हणाला गिरीश. "घरी मला गिऱ्या म्हणतात." झालं. पुढच्या रविवारपासून मामाचं "गिऱ्या, इकडं बस", "गिऱ्या, गळाला पेंड जास्ती झाली रे", "गिऱ्या, तुज्या मायला सांगू काय?" सुरू. माझ्यासाठी मात्र आठ वर्षांनंतरही "अप्पा, तुमी". मान होता तो, मला कळत होतं. पण काठावर बसून मान काय चाटायचाय? एकदा मीच लाजत लाजत म्हटलं, "मामा, मलाही नावानं हाक मारा की." मामा हसला. "छ्या! तुमी कचेरीतलं मानूस." म्हणजे गिरीश कचेरीतला नव्हता काय?

त्या दिवसांत सुमनला मणिमंगळसूत्र ओवायचं होतं, म्हणून तिनं माझ्याकडं तंगूस मागितला. देताना मी काय काय बोललो कोण जाणे, पण अर्धा तास गिरीशबद्दलच बोललो असणार. त्याची काठी विलायती, त्याचा हात काही एवढा नाही, त्याला पाणी ओळखता येत नाही, नुसता देखावा. ती मणी ओवत ऐकत होती. मग म्हणाली, "अहो, तुमचं त्या म्हाताऱ्यावर लग्न लागलंय काय? सवत आल्यासारखं बोलायलाव." मी चिडलो, जेवलो नाही. खरं तर तिनं अचूक ओळखलं म्हणून चिडलो.

मत्सराची एक गंमत असते. दुसऱ्याचं जे काही असतं ते आपण फार बारकाईनं बघतो. गिरीशची ती दोरी मी जितकी निरखली तितकी त्यानं स्वतःही निरखली नसेल. तंगूस ताणतो, ती बिलकुल ताणत नाही. म्हणून माशानं गळ नुसता हुंगला तरी खबर थेट बोटापर्यंत येते. तंगूस गुंडाळून ठेवला की वळ्या धरून बसतो, ती रेशमासारखी पडते. उणं एकच की दगडाला घासली की तिचे पदर सुटतात, आणि त्या दुष्काळात तळ्यात दगडच दगड उघडे पडले होते. बुडालेल्या शेतांचे बांध वर आले होते, एका विहिरीचं कडं वर आलं होतं. एका रविवारी गिरीशचा गळ त्या विहिरीच्या दगडांत अडकला. तो चाकू आणायला मोटारसायकलकडं गेला, मामा पलीकडं तोंड धूत होता. काठी माझ्या हातात देऊन गेला होता तो.

कुणी बघत नाहीसं पाहून मी ती दोरी बोटाला गुंडाळली. खबर कशी येते ते मला बघायचं होतं. आणि जरा हिसका दिला.

कळलंसुद्धा नाही. आधी रक्त दिसलं आणि मग झोंबलं. पहिल्या बोटाच्या पेरावर ब्लेडनं मारावी तशी सरळ चीर, चांगली खोल. मी बोट तोंडात घातलं, मग रुमालात गुंडाळून खिशात लपवलं. गिरीश आला, त्यानं दोरी कापली, मी काही बोललो नाही. त्याची दोरी मी चोरून चाचपत होतो हे सांगायचं कसं? घरी सुमनला म्हटलं, दाढी करताना लागलं. "दाढी बोटाला आली काय?" ती म्हणाली, आणि हळद लावली.

म्हणजे बघा, त्या काठावरच्या तिघांत एकट्या मलाच दोन गोष्टी ठाऊक होत्या. मामा पंजाला दोन वेढे घेतो ही एक, आणि ही दोरी वेढा घेतलेल्या बोटाला कापते ही दुसरी. गिरीशच्या हातात कायम काठी आणि रीळ, त्याला दोरी हातानं ओढायची कधी वेळच आली नव्हती. मामानं आयुष्यात तंगुसाखेरीज काही वापरलं नव्हतं. दोन्ही माहीत असलेला माणूस मी, आणि माझ्या तोंडाला कुलूप.

मामाचा तंगूस जुना होऊन उन्हानं कडक झाला होता, जरा ताण आला की तटकन तुटायचा. गिरीश नांदेडला जाणार होता. जायच्या आदल्या दिवशी तो मुद्दाम माझ्या टेबलापाशी आला, खुर्ची ओढून बसला. कचेरीत नव्या जिल्ह्याचीच चर्चा चालली होती, कुणी कुठं जाणार, कुणाची बदली होणार. त्या गलबल्यात तो हळूच म्हणाला, "अप्पा, मामांसाठी दोरी आणतोय. सरप्राइज हं, बोलू नका. तुम्ही त्यांना आठ वर्षं बघताय, त्यांचा हात तुम्हालाच ठाऊक. ब्रेडेड आणू की मोनो?"

किती सरळपणे विचारलं त्यानं. माझं त्या हातावरचं जुनं हक्काचं नातं त्यानं आपणहून मान्य केलं होतं. खरं तर मला त्यातच भरून यायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात भलतंच चाललं होतं. आठ वर्षं मी तिथं बसतोय, मामाचा तंगूस तुटताना बघतोय, आणि एक नवी दोरी आणून द्यावी हे मला एकदाही सुचलं नाही. सुचलं कुणाला, तर ह्याला. मग माझ्या डोळ्यांपुढं चित्र उभं राहिलं. मामा ती दोरी हाताला गुंडाळतोय, जराशी चीर पडते, तो ती काढून टाकतो आणि म्हणतो, "नगं रं बाबा तुजी येणी. आपला तंगूसच बरा." जराशी चीर. माझ्या बोटाला पडली तेवढी. तेवढीच मी मनात धरली होती, शपथ घ्यायला लावाल तर घेतो.

"ब्रेडेडच आणा," मी म्हटलं. "द्यायची तर चांगली वस्तू द्यावी."

तो खूश होऊन गेला. मी नव्या जिल्ह्याची यादी काढून तिच्यात एक गाव राहिलं होतं ते लिहिलं.

पुढच्या रविवारी सकाळी आठाच्या सुमाराला गिरीशनं ती दोरी मामाच्या डब्याला स्वतः गुंडाळून दिली. मामा तिच्यावरनं बोट फिरवत होता. "येणी घातल्यावानी हाय रे. लेकीच्या केसावानी." मामाची लेक बाळंतपणात गेली होती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. गिरीशनं मान खाली घातली. आणि मी? मला त्याही क्षणी वाटलं, की हे वाक्य मामा माझ्याशी बोलला असता तर!

मामानं गोळी फिरवून सोडली. दोन वेढे घेतले. ते दोन वेढे मी डोळ्यांनी मोजले. तोंड उघडायला तेवढा वेळ पुष्कळ होता. "मामा, थांबा" एवढे दोनच शब्द लागत होते. पाणी आटलेलं, म्हणून तळ्यातले सगळे मोठे मासे मधल्या खड्ड्यात गोळा झालेले. मामाचा चेहरा एकदम उजळला. "गिऱ्या, ही तं बोलायली रे! तळातलं समदं सांगायली!" तो हसत होता. तेवढ्यात मासा लागला.

मोठा होता. किती मोठा ते कुणीच बघितलं नाही. मामाचा पंजा सवयीनं ताणाबरोबर पुढं गेला, पण दोरी ताणलीच नाही, वेढे आवळले आणि आत शिरले. मामा ओरडला नाही. "धर रे, धर," एवढंच म्हणाला आणि बसल्या जागी पुढं ओढला गेला. गिरीशनं त्याला कमरेला मिठी मारली. मी दोरी दातानं तोडायला गेलो, ती तुटेना. तंगूस असता तर दातानं तुटला असता. मग मामाच्या बंडीतली काडीपेटी काढली आणि काडी ओढून दोरी जाळली. दोन काड्या विझल्या, तिसरीनं जळली. भेगाळलेल्या चिखलात रक्त भेगेभेगेतनं आत जात होतं.

मोटारसायकलवर मधे मामाला बसवून आम्ही त्याला जळकोटच्या दवाखान्यात नेलं, तिथनं उदगीरला. मधली दोन बोटं. आतल्या दोऱ्या तुटल्या, म्हणाले डॉक्टर. जखम भरली, पण ती बोटं पुन्हा कधी वाकली नाहीत. त्या हाताला डबा धरता येत नव्हता, गाठ मारता येत नव्हती, घास नीट उचलता येत नव्हता.

"माझी चूक," गिरीश दवाखान्याच्या पायरीवर बसून म्हणाला. "मला कळायला पाहिजे होतं. ते हातानं ओढतात, मला दिसत होतं की रोज." तो ढसाढसा रडत होता, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून. मला विचारून आणली होती, हे त्याच्या तोंडातनं तेव्हाही निघालं नाही, नंतरही कधी निघालं नाही. तो विसरला असेल असं मला बरीच वर्षं वाटायचं. आता वाटतं, तो विसरला नव्हता. त्याच्या मते मी फक्त दोरी सुचवली होती, देणारा तो होता. असल्या माणसाचा माणसानं आणखी मत्सर करायचा की काय करायचं? मी त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिलो आणि गप्प राहिलो.

त्यानं काठी मोडून चुलीत घातली. वर्षभरात त्याची बदली नांदेडला झाली. आणि मग मला जे हवं होतं ते सगळं मिळालं. काठ माझा, रविवार माझा, मामा एकट्या माझा. आता गाठी मी मारायचो, तोंडात धरून ओल्या करायचो. मामा शेजारी बसून डाव्या हातानं बिडी ओढायचा आणि बोलायचा. बोलायचा कुणाबद्दल, तर गिऱ्याबद्दल. गिऱ्याचा फोन आला होता. गिऱ्याला पोरगी झाली. गिऱ्या दिवाळीला येणार हाय, पोरीला घिऊन. मी गळ टाकायचो आणि "हं" म्हणायचो. थोड्या वर्षांत मी निवृत्त झालो, तळ्यावर जाणं कमी कमी होत थांबलं. नवा जिल्हा काही झाला नाही. ती यादी ड्रॉवरमध्येच राहिली असेल, नाही तर माझ्या जागी आलेल्यानं फेकली असेल.

रसवंतीच्या बाकड्यावरनं उठलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली. लेक म्हणाली, "बाबा, एवढ्या उन्हात कुठं?" काम आहे म्हटलं.

मामा घरापुढच्या लिंबाखाली बाजेवर बसला होता. वाळला होता, पण डोळे तेच. "अप्पा! या या. लई दिसानं वाट चुकलाव." सून पाणी घेऊन आली. मी पाणी प्यालो आणि दम न घेता सगळं सांगून टाकलं. बोट कापलं ते, लपवलं ते, गिरीशनं विचारलं ते, मी काय उत्तर दिलं ते, आणि का दिलं तेही. "मामा, मला त्याचा हेवा वाटत होता," असं स्वच्छ शब्दांत सांगितलं.

मामानं तोंडातली विझलेली बिडी काढून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "दाखवा बोट."

मी पुढं केलं. त्यानं डाव्या हातात धरून उन्हाकडं वळवून बघितलं, उलटून बघितलं. "खूण बी न्हाई ऱ्हायली," म्हणाला, आणि सोडलं.

मला राहवलं नाही. कुठल्या तोंडानं बोललो कुणास ठाऊक, पण बोललो, "मामा, मी पण आठ वर्षं एकूण एक मासा तुम्हालाच दिला की हो."

"मासं तं तळ्याचे हुते, अप्पा."

लिंबाचा पाला आमच्या दोघांच्या अंगावर पडत होता. मामानं बंडीच्या खिशातनं मोबाइल काढून माझ्यापुढं धरला. ताठ झालेली दोन बोटं त्याच्या मागनं वर आली होती.

"मला सांगून काय करता? माजा हात ह्यो असा झाला तं झाला. म्या कवाच सोडून देलो. ते लेकरू तिकडं धा वर्सं झुरायलंय. दर दिवाळीला येतंय अन् माजा हात मांडीवर घिऊन बसतंय, पोरीसमोर रडतंय. तिला वाटायलंय आपल्या बापानं कुणाचं तरी लई वाईट केलं. त्याला सांगा."

"सांगेन मामा. नांदेडलाच लेकीकडं आलोय मी. गेलो की—"

"आता. म्होरं न्हाई. एक नंबरचं बटन दाबा, लागतंय त्यालाच."

मी बटन दाबलं. दोनदा वाजला आणि उचलला गेला. मागं भांड्यांचा आवाज, एका पोरीचं हसणं. आणि मग त्याचा आवाज, दहा वर्षांत जरा जाड झालेला, "मामा! अहो, आत्ताच आठवण काढली होती. जेवलात का? हात कसाय?"

त्या "मामा"त इतकी माया होती की माझ्या पोटात पुन्हा तेच दुखलं. बासष्ट वर्षांचा झालोय, घरात नातवंडं आहेत, तरी दुखलं. फोन ठेवून द्यावा, लागत नाही म्हणावं. क्षणभर अगदी बोट बटनावर गेलं. मामा बाजेवरनं माझ्या तोंडाकडं बघत होता.

"गिरीश," मी म्हटलं, "मी अप्पा बोलतोय. तुमची काही चूक नव्हती. ऐका."